कोलाज: जुन्या कागदांचा ढीग आहे, इतिहास पाठ आहे, दोन्ही एकत्र येत नाहीत

कात्रणवेडी

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस नुसती वाचक होते, आज धागा काढायची वेळ आली. कोलाज करते, म्हणजे कागदाचे तुकडे कापून-चिकटवून चित्र. हौशी म्हणण्याइतकी नवखी नाही आणि कुठे मोठं प्रदर्शन लावलंय असंही नाही. आता एक मालिका करायला घेतली आहे आणि पार अडकले आहे.

विषय असा: घड्याळातली वेळ माणसाच्या घरात कशी शिरली. रेल्वे येण्याआधी गावोगावी सूर्यावरची वेळ चालायची. ब्रिस्टलचं घड्याळ लंडनच्या सुमारे १० मिनिटं मागे असायचं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मग १८४० मध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेने आपल्या स्थानकांवर लंडनची वेळ लावली. हळूहळू बाकीच्या कंपन्या आल्या, गावं आली. १८८० मध्ये ब्रिटनमध्ये त्याचा कायदा झाला आणि १८८४ च्या वॉशिंग्टन परिषदेत लंडनमधल्या ग्रीनिचची रेखा जगाची मूळ रेखा (शून्य रेखांश) ठरली. ही झाली इतिहासाची बाजू.

दुसऱ्या बाजूला माझ्याकडचे खोके. शाळेची छापील वेळापत्रकं, बसची तिकिटं, कारखान्यातली हजेरीची कार्डं, ‘दिवसातून तीनदा’ लिहिलेल्या औषधाच्या चिठ्ठ्या, दिनदर्शिकेची फाडलेली पानं, रेडिओच्या कार्यक्रमांची पत्रकं, शिवणकामाचे पातळ कागदी नमुने, पाठीमागे तारीख टाकलेले फोटो. जमवताना हात थांबत नाही, मांडायला बसलं की अडतं. तिकीट, त्याच्या शेजारी फोटो, वर एक घड्याळाची चकती, खाली सुबक अक्षरातलं जुनं पत्र. झालं, चित्र गोड! बघणारे ‘अरे वा, काय दिवस होते’ म्हणतात आणि पुढे जातात. मला ते गोड नकोय.

उलट इतिहास आणायला गेलं की पाठ्यपुस्तकातला तक्ता होतो. इंजिनाचं चित्र, नकाशा, १८८४ हा आकडा. बघणाऱ्याला कळतं सगळं, पण होत काहीच नाही.

तर तुम्ही लोक कल्पना वाढवता कशी? आधी विषय की आधी कागद? आणि मूळ कागद चिकटवावा की त्याची प्रत काढावी? सविस्तर लिहिलंत तर उपकार होतील.

डिंक

वाखु (वाचनखूण) साठवली. विषय कडक आहे. प्रतिसादांच्या प्रतीक्षेत.

तिरकस

ताई, स्पष्ट बोलतो, रागावू नका. घड्याळ आणि आठवणी हा विषय लोकांनी चावून चोथा केलाय. पहिलं काम म्हणजे स्वतःवर बंदी घाला: दातेरी चाकं नाहीत, रोमन आकड्यांची चकती नाही, मुद्दाम डाग पाडलेला तपकिरी कागद नाही, वळणदार अक्षरातलं प्रेमपत्र नाही. या चार गोष्टी काढल्यावर तुमच्या मांडणीत काय उरतं ते बघा. काहीच उरलं नाही तर विषय तुमचा नव्हताच, तो शोभेच्या वस्तूंच्या दुकानाचा होता.

निळी शाई

तिरकस यांची भाषा नेहमीचीच आहे, पण तपकिरी कागदाबद्दल शंभर टक्के अनुमोदन. माझं काम कागदपत्रांच्या जतनाचं आहे, म्हणून या एका मुद्द्यावर जरा लांबण लावते.

‘जुनं म्हणजे तपकिरी’ हे समीकरण खरं तर खोटं आहे. आपण ज्याला सेपिया म्हणतो त्यातले कित्येक फोटो पहिल्या दिवसापासून तपकिरीच होते. छपाईनंतर रसायनाने प्रतिमेतल्या चांदीचं सिल्व्हर सल्फाइड करत, कारण ते जास्त टिकतं. म्हणजे तो रंग वयाचा नाही, टिकावा म्हणून केलेल्या उपायाचा आहे. आपण मात्र काल छापलेल्या चित्राला तपकिरी छटा देतो आणि ‘जुना काळ’ म्हणून खपवतो.

प्रत्यक्षात प्रत्येक काळाचा कागद आपापल्या पद्धतीने म्हातारा होतो. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातल्या लिग्निन नावाच्या घटकावर उजेड आणि हवा यांचा परिणाम होऊन तो पिवळा पडतो, मग ठिसूळ होतो. त्याच्या आधीचा चिंध्यांच्या लगद्याचा कागद दोनशे वर्षांनीही गोरा आणि चिवट राहिलेला दिसतो. १९६०-७० च्या दशकांतले रंगीत फोटो वेगळेच: अल्बममध्ये अंधारात ठेवले तरी त्यांच्यातला निळसर हिरवा रंग आधी उडतो, म्हणून सगळे जण लालसर दिसू लागतात. आणि आजची यंत्रातून येणारी पावती? ती उष्णतेने काळ्या होणाऱ्या लेपाची असते. पिवळी नाही, तपकिरी नाही, ती सरळ कोरी होते.

आता तुमच्या मालिकेत हे टाकून बघा. चिंध्यांचा पांढरा कागद, पिवळं वर्तमानपत्र, लालसर फोटो, कोरी पडत चाललेली पावती, या क्रमाने वेळ पुढे सरकते. एकही घड्याळ न दाखवता.

मूळ की प्रत, या प्रश्नावर रात्री लिहिते. त्यावर माझी ठाम मतं आहेत.

डिंक

निळी शाई, प्रतिसाद प्रचंड आवडला. आमच्या घरचे सगळे फोटो लाल का झालेत हे आज कळलं.

कात्रणवेडी

@तिरकस, रागावले नाही. चार गोष्टी काढून बघितल्या. औषधाच्या चिठ्ठ्या, हजेरीची कार्डं आणि शाळेची वेळापत्रकं उरली. म्हणजे ‘गोड’ असं जे होतं ते सगळं गेलं आणि हुकूम देणारे कागद उरले. हे आधी लक्षात आलं नव्हतं.

@निळी शाई, वाचताना वहीत उतरवून घेतलं. लालसर फोटो माझ्याकडे भरपूर आहेत, मी ते ‘खराब’ म्हणून बाजूला ठेवले होते.

बोरू

उशिरा येतोय, पण मुद्द्यावरच येतो. कात्रणवेडी, तुमच्या शेवटच्या प्रतिसादातलं ‘हुकूम देणारे कागद’ धरून ठेवा. मालिका तिथे आहे.

ज्यांच्या कोलाजांत रोजच्या वस्तू आणि इतिहास खरोखर एकमेकांत मिसळले, ते लोक काय करत होते हे बघण्यासारखं आहे. जर्मन चित्रकार हाना ह्योखचं १९१९-२० मधलं बर्लिनमधलं ते मोठं कोलाज घ्या, ज्याच्या लांबलचक नावात स्वयंपाकघरातली सुरी आहे. एक मीटरहून थोडं जास्त उंचीचं. त्यात राजकारणी, सेनापती, यंत्रं, नर्तकी, ‘दादा’ या कलाचळवळीतली तिची मित्रमंडळी असा सगळा गोंधळ आहे. त्याच काळात ती एका मोठ्या प्रकाशनसंस्थेत बायकांच्या मासिकांसाठी भरतकामाचे आणि लेसचे नमुने काढायची नोकरी करत होती. म्हणजे कात्री आणि मासिकं हा तिचा रोजचा व्यवहार. आता चित्राच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात या: युरोपातल्या ज्या देशांत बायकांना मतदानाचा हक्क होता किंवा मिळू घातला होता त्यांचा छोटासा नकाशा आहे, आणि त्याला लागूनच तिने स्वतःचा इवलासा चेहरा चिकटवलाय. चित्रकार सही करतो त्या जागी. मोठा इतिहास कोपऱ्यात बोटाएवढा आहे आणि तरी अख्खं चित्र तिथून वाचता येतं. तुमचा १८८४ हा आकडा मधोमध मोठ्या टाइपात आहे, तिथेच तक्ता होतो.

दुसरा जर्मन कलावंत कुर्ट श्विटर्स. ट्रामची तिकिटं, वेष्टणं, पाकिटं, रस्त्यावर पडलेलं काहीही. त्याच्या सगळ्या कामाचं नाव ‘मेर्त्स’ हे एका बँकेच्या जाहिरातीतला शब्द कापताना उरलेला तुकडा आहे. त्याच्या कामात तिकीट हे ‘आठवण’ म्हणून येत नाही. पहिल्या महायुद्धानंतर सगळं मोडून पडलंय आणि मी मोडक्यातूनच जुळवणार, अशी ती भूमिका. म्हणून तिकीट फाटकं असलं तरी रडकं नाही.

आणि तिसरा, माझ्या मते तुमच्या सगळ्यात जवळचा, रोमेर बेअर्डन. जन्म १९११, अमेरिकेच्या दक्षिणेतला, लहानपणीच कुटुंब न्यूयॉर्कला आलं. दिवसा समाजकल्याण खात्यात नोकरी, उरलेल्या वेळात चित्रं. १९६४ मध्ये त्याने मासिकांतली कात्रणं जोडून लहान कोलाज केले आणि ते फोटोस्टॅटवर मोठे करून काळ्या-पांढऱ्यात मांडले. विषय काय, तर गावाकडची अंगणं, न्हाणं, वाद्यं, खिडकीतल्या बायका आणि मागून जाणारी आगगाडी. आगगाडी त्याच्याकडे पुन्हा पुन्हा येते. ती नुसती बालपणीची गंमत नाही: दक्षिणेतली कृष्णवर्णीय माणसं लाखोंनी उत्तरेकडे गेली ती याच गाड्यांनी. बघणाऱ्याला कुणी तसं सांगत नाही. खिडकीत धूर दिसतो, बस्स.

त्याचे चेहरे जवळून बघा. एक डोळा एका माणसाचा, दुसरा दुसऱ्याचा, नाक आफ्रिकी मुखवट्याचं, हात चेहऱ्यापेक्षा मोठे. एका माणसाचा फोटो लावला असता तर ती एका घराची आठवण झाली असती. चार जणांचा मिळून एक चेहरा केल्यामुळे ती कुणाचीही होऊ शकते. तुमच्या घरच्या फोटोंना हा उपाय लागू आहे.

आणखी एक, अगदी कामाचं. तो सुरुवात कात्रणांपासून करत नसे. आधी फलकावर रंगीत आयत मांडायचे, त्यातले काही फलकाच्याच प्रमाणातले. चौकट उभी राहिली की मग माणसं आत यायची. तुम्ही आवडत्या वस्तूपासून सुरू करता, म्हणून प्रत्येक वस्तू ‘मला बघा’ म्हणत राहते.

खरडवही

बोरू यांच्या माहितीबद्दल आदर आहे, पण धाग्याचा सूर मला पटत नाही. गोड असणं हा गुन्हा कधीपासून झाला? प्रत्येक तिकिटाने क्रांती करायची का? जोसेफ कॉर्नेल बघा. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये आईच्या घरात राहिला, तळघरात खोके करत बसला, अपंग भावाची काळजी घेतली, अमेरिकेबाहेर कधी गेलाही नाही. त्याच्या पेट्यांत न पाहिलेल्या हॉटेलांची नावं आहेत, नकाशांचे तुकडे आहेत, वाळू आहे, काचेचे पेले आहेत. ती ओढच आहे, दुसरं काही नाही. आणि ती विसाव्या शतकातली मोठी कला आहे.

लोक ‘काय दिवस होते’ म्हणतात, तर म्हणू द्या की. कुणाच्या तरी डोळ्यांत पाणी येतं ही कमी गोष्ट आहे का?

तिरकस

डोळ्यांत पाणी कांद्यानेही येतं.

बोरू

तिरकस, राहू दे. खरडवही यांचा मुद्दा योग्य आहे आणि तो खोडायचा तर नीट खोडला पाहिजे.

कॉर्नेलची ओढ खरी, पण कुठली? तो स्वतः जगलेल्या दिवसांची आठवण काढत नाही. तो कधीच न गेलेल्या ठिकाणांची, कधीच न भेटलेल्या नर्तकींची आठवण काढतो. हाती न लागलेल्या गोष्टीची आठवण, हीच मुळात विचित्र गोष्ट आहे आणि त्या पेटीवरची काच ते आणखी पक्कं करते: दिसेल, हात लागणार नाही. त्यात गोडवा आहे, पण आराम नाही. माझा आक्षेप आरामावर आहे. ‘काय दिवस होते’ म्हणताना माणूस स्वतःला बरं वाटून घेतो आणि ते दिवस कुणाला जड गेले हे विचारायचं राहून जातं. शाळेची घंटा एकाला मित्रांची आठवण देते, दुसऱ्याला छड्यांची. दोघंही एकाच वेळापत्रकासमोर उभे राहू शकतील असं चित्र करता आलं तर गोड असलं तरी हरकत नाही.

खरडवही

हे मान्य. ‘आराम’ हा शब्द आधी वापरला असतात तर वाद झालाच नसता. कांद्याबद्दल मात्र तिरकस यांना माफी नाही.

घटिका

इतिहास वाचणारा माणूस आहे, कात्री हातात धरता येत नाही. पण विषय वेळेचा आहे म्हटल्यावर राहवलं नाही. कात्रणवेडी, तुम्ही १८४०, १८८०, १८८४ असे मैलाचे दगड घेतलेत. ते सोडा, आडवाटेला जास्त मजा आहे.

ब्रिस्टलच्या कॉर्न स्ट्रीटवरच्या एक्स्चेंज इमारतीवर आजही एक घड्याळ आहे, ज्याला दोन मिनिटकाटे आहेत. एक लाल, एक काळा. एक ग्रीनिचची वेळ दाखवतो, दुसरा ब्रिस्टलची. १८५२ मध्ये शहराने ग्रीनिचची वेळ स्वीकारली, त्याआधीच्या ओढाताणीची ती निशाणी. दोन्ही काटे एकाच चकतीवर, एकमेकांपासून कायम तेवढ्याच अंतरावर फिरतात.

फ्रान्सची गंमत याहून भारी. एकेकाळी तिथल्या स्थानकांत बाहेरच्या भिंतीवर पॅरिसची वेळ असायची आणि आतलं घड्याळ मुद्दाम ५ मिनिटं मागे ठेवलेलं असायचं. गाड्या आतल्या घड्याळावर सुटत. म्हणजे उशीर झालेल्या प्रवाशाला पाच मिनिटं दान! आणि ग्रीनिच स्वीकारायची वेळ आली तेव्हा १९११ च्या कायद्यात त्यांनी ग्रीनिचचं नावच घेतलं नाही. लिहिलं काय, तर देशाची कायदेशीर वेळ म्हणजे पॅरिसची सरासरी वेळ, ९ मिनिटं २१ सेकंद मागे केलेली. एवढं केलं की बरोबर ग्रीनिच येतं.

आणि रूथ बेलव्हिल. ही बाई लंडनमध्ये वेळ विकायची. शब्दशः. तिचे वडील ग्रीनिचच्या वेधशाळेत होते, त्यांनी १८३६ मध्ये हे काम सुरू केलं. ते गेल्यावर आईने चालवलं आणि १८९२ पासून रूथने. आठवड्यातून एकदा वेधशाळेत जायचं, जवळचं घड्याळ तिथल्या वेळेशी ताडून घ्यायचं, किती सेकंदांचा फरक आहे याची चिठ्ठी घ्यायची आणि मग लंडनभर गिऱ्हाइकांकडे पायी, आगगाडीने फिरून ते घड्याळ दाखवायचं. घड्याळ जॉन अर्नोल्डने बनवलेलं, म्हणून ती त्याला ‘अर्नोल्ड’ म्हणायची. १९०८ मध्ये तारेने वेळ पुरवणाऱ्या एका कंपनीच्या संचालकाने भाषणात तिची टिंगल केली, बाई आहे म्हणून तिला गिऱ्हाईक मिळतं अशा अर्थाची. वर्तमानपत्रात बातमी आली आणि तिची गिऱ्हाइकं वाढली. १९२४ पासून रेडिओवर सहा ठोके यायला लागले, १९३६ मध्ये टेलिफोनवर बोलणारं घड्याळ आलं, तरी बाई फिरतच होती. १९४० मध्ये थांबली.

वेळ घरात कशी शिरली म्हणता ना? काही घरांत ती या बाईच्या पिशवीतून शिरली.

डिंक

बाप रे. घटिका, यावर वेगळा धागा काढा हो.

कात्रणवेडी

घटिका, काय लिहू! ऑफिसमध्ये वाचलं आणि दिवसभर कामात लक्ष लागलं नाही.

डोक्यात जे आलं ते मांडते, सगळ्यांनी झोडपा.

९ मिनिटं २१ सेकंद. घड्याळाच्या चकतीवर एक मिनिट म्हणजे ६ अंश. म्हणजे हा फरक ५६ अंशांच्या जरा वर जातो. तेवढी फोड चकतीतून कापून काढली तर सहज दिसेल एवढी मोठी आहे, सहाव्या हिश्शापेक्षा थोडी कमी. पण चकती घड्याळाची घ्यायची नाही (तिरकस यांची बंदी लक्षात आहे). ती चकती हजेरीच्या कार्डांची करायची. कार्डं शेजारी शेजारी लावून त्यातून वर्तुळ कापायचं, म्हणजे ‘आत’ आणि ‘बाहेर’ चे रकाने वर्तुळभर तिरके पसरतील. त्यातून ५६ अंशांची फोड काढायची आणि त्या भेगेतून खाली काय दिसतं, तर लालसर पडलेला घरातला फोटो. फोटोत चेहरा येणार नाही. फक्त दाराची चौकट, एक कोपर आणि खुर्चीची पाठ एवढंच फोडीत मावतं, मी कागद ठेवून बघितलं. काढलेली फोड फेकायची नाही. ती खालच्या कडेला, सही करतात तिथे. ह्योखबाईंची कृपा.

दुसरं, दोन काट्यांचं. शाळेचं वेळापत्रक मधून उभं फाडायचं आणि दोन भाग १० मिनिटं वरखाली सरकवून चिकटवायचे. माझ्याकडच्या वेळापत्रकात एक तास ४० मिनिटांचा आणि रकाना साधारण ३२ मिलिमीटर उंच आहे. म्हणजे १० मिनिटं म्हणजे ८ मिलिमीटर. दुरून बघितलं तर छपाई चुकल्यासारखं दिसेल. जवळ गेलं की ओळी जुळत नाहीत, गणित अर्ध्यावर भूगोलात शिरतं.

रूथबाईंचं अजून सुचत नाही. तिचा फोटो लावायचा नाही एवढं ठरवलंय.

बोरू

दुसरं चित्र झालंच असं समजा. ८ मिलिमीटर फार सुंदर आहे. त्यात आणखी काही घालू नका. एक तिकीटसुद्धा नको.

पहिल्यात एक शंका. हजेरीची कार्डं, फ्रान्सचा कायदा आणि घरचा फोटो ही तीन टोकं आहेत. फ्रान्स बघणाऱ्याला कळणार नाही आणि कळायची गरजही नाही. पण मग ५६ अंशच का, याचं उत्तर चित्रात दुसरं काहीतरी असायला हवं. कार्डांवर उशिराची नोंद लाल शाईने असते का? असेल तर उशीर झालेली कार्डं नेमकी फोडीच्या कडांवर येतील अशी लावा.

तिरकस

चकतीला माझी मंजुरी. (हे मी क्वचित म्हणतो.)

रूथबद्दल: शिवणकामाचे पातळ कागदी नमुने आहेत म्हणालात ना? त्यावर तुटक रेषा, बाण, आकडे असतात, बिनशब्दांचे नकाशेच ते. त्यांतून तिची लंडनभरची वाट काढा. पारदर्शक असतात, एकावर एक तीन थर दिले तर खालची वाट अंधुक दिसत राहील. वडील, आई, मुलगी. बस्स, जास्त बोललो.

खरडवही

कांद्याची माफी मंजूर.

निळी शाई

कबूल केल्याप्रमाणे मूळ की प्रत. मधल्या काळात तुम्ही बरंच ठरवलंत, त्यामुळे थेट तुमच्या चित्रांनाच धरून सांगते.

घरातला फोटो मूळ लावू नका. एकच प्रत असलेली गोष्ट कोलाजमध्ये गेली की ती परत मिळत नाही. ६०० डीपीआयवर स्कॅन करा आणि पिगमेंट शाईवर छापून घ्या. साध्या, पाण्यात विरघळणाऱ्या डाय शाईला ओला गोंद लागला की ती पसरते. लालसरपणा ‘दुरुस्त’ करणारं बटण स्कॅनरमध्ये असतं, ते बंद ठेवा, नाहीतर तुमचं सगळं चित्र त्या बटणाखाली जाईल.

हजेरीची कार्डं जाड पुठ्ठ्याची असतात, भरपूर असतील तर मूळ वापरायला माझी हरकत नाही. मात्र एकावर कुणाचं नाव, सही असेल तर ते झाका किंवा प्रत काढून पुसून घ्या. त्या माणसाने तुम्हाला परवानगी दिलेली नाही.

यंत्राची पावती वापरायचीच झाली तर गोंद आणि प्लॅस्टिकचं वेष्टण दोन्हींपासून जपा, दोन्हींनी ती लवकर उडते. प्रत शेजारी ठेवून मूळ पावतीला चित्रातच कोरी होऊ दिलं तर मला आवडेल, पण हे जतनवाल्या बाईने म्हणू नये.

गोंद: गव्हाच्या स्टार्चची खळ किंवा मिथाइल सेल्युलोज, कारण दोन्ही पाण्याने सोडवता येतात. पीव्हीए (नेहमीचा पांढरा गोंद) वापरायचं तर आम्लरहित बघून घ्या. रबर सिमेंट आणि चिकटपट्टी यांना दूर ठेवा, काही वर्षांनी त्यांचे पिवळे डाग पलीकडून वर येतात. वर्तमानपत्राचा मूळ तुकडा इतर कागदांना चिकटून राहिला तर त्यातलं आम्ल शेजाऱ्याला लागतं. तिथे प्रतच बरी.

शिवणकामाच्या पातळ कागदाला ओला गोंद ब्रशने लावायला गेलात तर तो फाटेल किंवा सुरकुतेल. गोंद खालच्या कागदाला पातळ लावा, थोडा सुकू द्या आणि मग वरून कोरड्या मऊ ब्रशने तो बसवत जा, मधून कडांकडे.

डिंक

माझा एक बाळबोध प्रश्न. घरचे कागद ठीक, पण जुन्या मासिकांतली, संग्रहालयांच्या साइटवरची चित्रं कापून लावली तर कुणी दावा ठोकेल का?

बोरू

ठोकू शकतो. अमेरिकन कलावंत जेफ कून्सने दोन जणांच्या हातातल्या पिल्लांचा एक फोटो घेऊन त्यावरून शिल्प केलं, १९९२ मध्ये तो खटला हरला. २००६ मध्ये एका फॅशन मासिकातल्या पायांचा फोटो त्याने मोठ्या कोलाजवजा चित्रात घेतला, तो जिंकला, कारण न्यायालयाला तिथे हेतू आणि अर्थ बदललेला दिसला. म्हणजे ‘कापलं की माझं झालं’ असं नाही. ही अमेरिकेची उदाहरणं, प्रत्येक देशाचा कायदा वेगळा. बर्न कराराप्रमाणे लेखक-कलावंताच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं हक्क राहतो, कित्येक देशांत जास्त.

सोपा रस्ता म्हणजे मुक्त संग्रह. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ मध्ये आणि स्मिथसोनियनने २०२० मध्ये हक्कमुक्त चित्रं खुली केली, आम्स्टरडॅमचं राइक्सम्युझियम त्यांच्याही आधीपासून देतं. मोठ्या आकारात उतरवून घेता येतात. कुठल्या तरी ब्लॉगवरचं अंगठ्याएवढं चित्र ताणून छापण्यापेक्षा हे शतपटीने बरं.

जाता जाता छपाईबद्दल एक. जर्मन चित्रकार मॅक्स अर्न्स्टच्या १९३० च्या दशकातल्या कोलाजांत सांधे सापडत नाहीत, कारण त्याने सगळे तुकडे एकोणिसाव्या शतकातल्या लाकडी ठशांच्या चित्रांतून घेतले. रेषेची जात एकच, आणि बघणाऱ्यासमोर येतं ते छापलेलं पान. सांधा दाखवायचा असेल तर उलट करा: एक तुकडा रेषेचा, दुसरा ठिपक्यांच्या छपाईचा. कात्रणवेडी, तुमच्या फोडीच्या कडेला सांधा दिसायला हवा, म्हणून सांगतोय.

कात्रणवेडी

दिसायला हवाच. कार्डांची छपाई रेषेची आहे आणि फोटोची प्रत गुळगुळीत, त्यामुळे आपोआप होईल असं वाटतंय.

@बोरू, कार्डं चाळली. उशिराची नोंद लाल नाही, जांभळ्या शिक्क्याची आहे. पण आहे. तेवढीच कार्डं वेगळी काढली.

@तिरकस, शिवणाच्या नमुन्यांची कल्पना तुमच्या नावाने वहीत लिहिली आहे. नमुन्यांवर ‘इथे दुमडा’ असं छापलेलं आहे. ते तसंच ठेवणार.

एकच अडचण राहिली. कार्डं जोडून वर्तुळ कापायचा प्रयत्न कोऱ्या पुठ्ठ्यांवर करून बघितला, जोडांवर कात्री अडखळते आणि कड दातेरी होते. शिवाय सुकल्यावर फलक वाकतो.

निळी शाई

कात्री नकोच. कार्डं आधी एका पातळ, मजबूत कागदावर पूर्ण चिकटवा, वजनाखाली एक रात्र सुकवा आणि मग वर्तुळ कापायच्या कंपासच्या पात्याने हलक्या हाताने पुन्हा पुन्हा फिरवत कापा. एका दमात आरपार जायचा हट्ट नको. कंपासची सुई टोचते तिथे चिकटपट्टीऐवजी पुठ्ठ्याचा छोटा तुकडा धरा, म्हणजे मध्यभागी भोक पडणार नाही. फोड मात्र वर्तुळ कापून झाल्यावर, पट्टी लावून.

वाकण्याचं कारण कागदाचा धागा. ओला झाला की कागद धाग्याच्या आडव्या दिशेला जास्त फुगतो आणि सुकताना फलकाला ओढतो. सगळ्या कार्डांचा धागा एकाच दिशेला येईल असं लावा आणि फलकाच्या मागच्या बाजूलाही तेवढ्याच जाडीचा कागद, त्याच दिशेने, त्याच गोंदाने लावा. दोन्हीकडून ओढ सारखी झाली की फलक सरळ राहतो.

कात्रणवेडी

मागचा कागद म्हणून उरलेली कार्डंच लावली तर चालतील का? वेळेवर आलेल्यांची?

निळी शाई

चालतील. जाडी तीच आहे.